खोक्याची उंची

१२ जानेवारी, रविवार

दादा,

नमस्कार. पत्रात आधी इकडची खुशाली सांगायची आणि मग तिकडची विचारायची, ही बाबांची शिस्त. तर इकडे सगळं ठीक. तिकडचं वहिनी सांगते तेवढंच कळतं. तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद काढला. कागद निदान वाजत तरी नाही. गोदामावर दुपारी जरा निवांत असतं असं वहिनी म्हणाली, तेव्हा वाच. नाही वाचलंस तरी फाडू नकोस. ठेव कुठेतरी.

आईचे गुडघे थकलेत, तोंड अजून ठणठणीत आहे. समोरच्या इमारतीला रंग देतायत, त्यामुळे तिची महिनाभराची करमणूक झाली आहे. खिडकीत खुर्ची टाकून बसते आणि रंगाऱ्यांच्या चुका काढते. परवा मी कामावर निघत होते, तर हिचा आवाज, "अरे, आधी खरवडलंस का? नुसतं काय फासतोस? भिंत आहे का तोंड आहे?" परांचीवरचा माणूस दचकलाच. मग म्हणाला, "आजी, खरवडत बसलो तर वर्ष जाईल. मालकांना सोमवारी हवंय." आईने खिडकी लावून घेतली. "याला बापाने शिकवलेलं दिसत नाही," म्हणाली. संध्याकाळी मी परतले तेव्हाही खिडकी बंदच होती. तुझी आठवण आली की ती असंच करते. नाव काढत नाही.

माझं कामाचं तेच. तिसरा मजला, बिनखिडकीची खोली, भिंतीवर एक घड्याळ आणि एक फळा. मोठे संगणक तळघरात आहेत, पण त्यांची घरघर फरशीतून पायांना लागते. संध्याकाळी घरी आल्यावरही तळपायात ती थोडा वेळ राहते.

तू त्या खोलीत एकदाच आला होतास. आठवतं? लंबू बरोबर होता. तुझ्या रंगाऱ्यांच्या टोळीतला तुझा उजवा हात, पण सहा फूट तीन इंचांचा, त्यामुळे दारात वाकून उभा. पडद्यावर माझं चित्र होतं, लोखंडाच्या अणूंचे थर आणि त्यावर उभा एक रेणू.

"हे काय?" तू विचारलंस.

"लोखंडाचा पृष्ठभाग."

"आणि हे वर उभं राहिलेलं गांडूळ?"

"रेणू आहे तो. नव्या प्रायमरमधला. लोखंडाला किती घट्ट धरतो, ते गणिताने काढतेय."

"रंग न लावता?"

"न लावता."

तू खुर्ची पुढे ओढून नाक पडद्याला टेकवलंस. "यात धूळ कुठे आहे?"

"नाही."

"मीठ? ओल? गंज?"

"नाही रे. शुद्ध लोखंड."

"मजा आहे मास्तरीणबाई! असल्या पत्र्यावर मी डोळे मिटून रंग लावीन."

लंबू दारातूनच म्हणाला, "उस्ताद, आपल्याला इथेच नोकरी बघा. घासायचं काम नाही, शिडी नाही, पंखाही आहे."

किती हसलो होतो आपण. शेजारच्या खोलीतून कुणीतरी खाकरलं, तेव्हा थांबलो.

एक सांगायचं होतं. थंडीची पांघरुणं काढताना आईच्या कपाटात तुझी वही सापडली. चिकटपट्ट्यांची. टाकीच्या प्रकरणानंतर तू ती तिला कचऱ्यात टाकायला दिली होतीस, तिने ती घडी केलेल्या चादरीत ठेवली. मी एकेक पान पाहिलं. पत्र्यावर वाळूचा मारा करून झाला की त्यावर चिकटपट्टी दाबायची, ओढायची, उजेडाला धरून धूळ आली का बघायचं, आणि मग पट्टी वहीत चिकटवून खाली तारीख, जागा, दोन सह्या. बाबा हेच करायचे. त्यांच्या वह्या आपण खेळण्यात फाडल्या. तुझ्या वहीत त्या टाकीची एकतीस पानं आहेत. मी सगळ्या पट्ट्या दिव्याला धरून पाहिल्या.

ती वही तुला हवी आहे का, तेवढं कळव. सध्या माझ्या टेबलावर आहे.

लंबू कसा आहे? तू दर रविवारी त्याच्याकडे जातोस असं वहिनी म्हणाली. त्याला माझा नमस्कार सांग. नको, राहू दे, सांगू नकोस.

एक जुनं गणित पुन्हा काढलं आहे. त्याबद्दल लिहायचं म्हणत होते, पण कागद संपत आला.

तुझी,
मास्तरीण


९ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. मी त्या उभ्याने वाचल्या, मग बसून वाचल्या, मग आईला वाचून दाखवल्या. तिने चष्मा काढला आणि पुसत राहिली.

लंबू गेला हे वहिनीने आधी कळवलं नाही, यात तिचा दोष नाही. तूच नको म्हणाला असशील. दीड वर्ष पाठीवर पडून राहिल्यावर छातीत कफ भरतो आणि माणूस जातो, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. तू लिहिलंस तसंच मी इथे उतरवते, कारण त्या ओळीवरून माझी नजर हटत नाही: "जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, उस्ताद, शिडीमागचा पट्टा मी साफ केला होता, माझ्याच हातून राहिलं असेल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दादा, त्याच्या हातून काही राहिलं नव्हतं. तुझ्याही नाही.

हे वाक्य मी सोळा महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं. आता लिहिते तर ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांतला एक जण उरला नाही. तू हे पत्र बसून वाच. वहिनीला जवळ बसव. मी पहिल्यापासून सांगते, कारण यातलं काही तुला माहीत आहे, काही कुणालाच नाही.

माझ्या गणितात पत्र्याचा एवढासा तुकडा घेतात, अणूंचे पाच थर. त्यावर एक रेणू उभा करतात आणि हे सगळं एका खोक्यात ठेवतात. खरा पत्रा अंत नसल्यासारखाच असतो, म्हणून संगणक तो खोका आपोआप पुन्हा पुन्हा मांडतो. डावीकडे तसाच खोका, उजवीकडे तसाच, वर तसाच, खाली तसाच. न्हाव्याच्या दुकानात समोर आरसा, मागे आरसा, आणि मधे आपण ओळीने दिसत जातो, तसं. म्हणजे माझ्या रेणूच्या डोक्यावर आकाश नसतं. वरच्या खोक्यातल्या पत्र्याची खालची बाजू असते. त्याला ते छत कळू नये म्हणून मधे भरपूर मोकळी जागा सोडायची. खोका उंच घ्यायचा. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. रेणू बदलला की खोका वाढवून पुन्हा मोजा, आकडा हलला नाही तरच विश्वास ठेवा.

तुमच्या टाकीच्या प्रायमरसाठी कंपनीने आधी एक बुटका रेणू दिला होता. त्याचं सगळं नीट झालं. मग त्यांनी रेणू बदलला. डोकं तेच, शेपूट लांब, आणि शेपटीच्या टोकालाही लोखंडाची ओढ. त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी जुनी फाइल उघडली, जुना रेणू काढला, नवा उभा केला आणि गणित सुरू केलं. खोक्याची उंची तीच राहिली. एका ओळीतला एक आकडा.

शेपटीचं टोक छताला लागलं. रेणू खालून धरून होता आणि वरूनही टांगलेला होता. मी दोन्ही पकडी मिळून आलेला आकडा खालच्या पकडीच्या नावावर लिहिला.

टाकीत रेणूला नुसतं लोखंड धरून भागत नाही. पाण्यालाही लोखंड धरायचं असतं. ज्याची पकड मोठी तो जागेवर राहतो. माझ्या आकड्यात रेणू आरामात जिंकत होता. तो आकडा वाईट आला असता तर मी दहा वेळा तपासला असता, दादा. चांगला आला म्हणून एकदाही तपासला नाही. सगळे खूश होते. कंपनीचे लोक फुलं घेऊन आले होते. पाण्यात बुडवून वर्षभर बघायची जी चाचणी होती, ती त्यांनी माझा आकडा पाहून आठ आठवड्यांवर आणली. आठ आठवड्यांत काही झालं नाही. पाण्याला घाई नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे. तुम्ही टाकी आतून घासलीत, एकतीस पट्ट्या काढल्यात, तो प्रायमर लावलात. चौदा महिन्यांनी रंग फुगल्याची तक्रार आली, टाकी रिकामी केली आणि बघायला तुम्ही दोघं आत उतरलात. शिडीच्या मधल्या फळीवर सुटलेल्या रंगाचा ओला पापुद्रा पडला होता. लंबूचा पाय त्यावर पडला. तू शिडीवर त्याच्या वर होतास. तुला आवाज आला, एवढंच तू चौकशीत सांगितलंस.

चौकशीत त्यांना तीन शक्यता होत्या: रंग खराब, लावणं खराब, किंवा पत्रा साफ नव्हता. तू वही पुढे केलीस. ते म्हणाले, यावर सह्या तुमच्या दोघांच्याच आहेत, पट्ट्या कुठल्याही पत्र्याच्या असू शकतात. मग त्यांनी रंगाबद्दल एक पानाचं मत मागवलं. ते मत कुणाचं होतं, ते तुला कुणी सांगितलं नाही. अहवालात नुसतं "प्रयोगशाळेचे मत" असं आहे.

ते माझं होतं.

"गणितानुसार प्रायमरची पकड पाण्यापेक्षा स्पष्टपणे अधिक आहे. दोष पृष्ठभागाच्या तयारीत असण्याची शक्यता जास्त वाटते." खाली माझी सही. अहवालात तुझं आडनाव, माझ्या सहीत लग्नानंतरचं. लग्न टिकलं नाही, आडनाव टिकलं. दोघं सख्खी भावंडं आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि मीही ध्यानात आणून दिलं नाही.

त्या एका वाक्यावर तुझा परवाना गेला. टोळी मोडली. तू गाव सोडून गोदामाच्या दारात जाऊन बसलास.

मत दिल्यानंतरच्या सोमवारी मी खोका उंच करून पुन्हा मोजलं, आणि आकडा कोसळला. पाणी जिंकत होतं. फार नाही, थोड्या फरकाने, पण पाण्याला थोडा फरक पुरतो. पत्रा कितीही साफ असता तरी तो रंग सुटलाच असता.

तेव्हापासून मी गप्प आहे. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, हे आधी सांगावं लागेल. दिवस जितके वाढले तितकं ते अवघड झालं. तू लंबूकडे जात होतास, त्याचं अंग पुसत होतास, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून बसत होतास, हे वहिनी मला फोनवर सांगायची आणि मी "हो का" म्हणायचे.

उद्या मी साहेबांकडे जाणार आहे. हे पत्र त्याआधी पोस्टात टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

तुझी बहीण


२ मार्च, रविवार

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. दीड वर्षांनी पडद्यावर तुझं नाव दिसलं. तू ना हॅलो म्हणालास, ना काही. "म्हणजे पत्रा साफ होता?" एवढंच विचारलंस. मी "हो" म्हटलं. तू म्हणालास, "शिडीमागचा पट्टा पण?" मी म्हटलं, "तो पण." मग तुझा श्वास ऐकू येत होता, आणि मग फोन बंद झाला.

वहिनीने नंतर सांगितलं की तू तसाच उठून लंबूच्या घरी गेलास आणि माझं पत्र त्याच्या बायकोला वाचून दाखवलंस. ती काय म्हणाली, ते वहिनीला माहीत नाही. मलाही सांगू नकोस.

साहेबांचं सांगते. त्यांनी दोन्ही गणितं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यांना चूक समजायला दोन मिनिटं लागली.

"चौकशी बंद झाली आहे ना?" म्हणाले.

"हो."

"मग हे कुणी विचारलंय?"

"कुणी नाही."

"मग एवढी घाई कशाला? पुढच्या निबंधात एक तळटीप घालू. नीट, सभ्य शब्दांत. लोक समजून घेतात."

"माझा भाऊ तळटिपा वाचत नाही, साहेब."

त्यांना तेव्हा कळलं. बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. माणूस वाईट नाही. "अगं, तेव्हाच सांगायचं होतंस, तो तुझा भाऊ आहे म्हणून. मी दुसऱ्या कुणाकडून मत घेतलं असतं," म्हणाले.

चौकशी कार्यालयाला, कंपनीला आणि त्याच रंगाच्या आणखी सात टाक्यांच्या मालकांना मी स्वतः पत्रं पाठवली. टाक्यांची पत्रं आधी टाकली. तिथे आत उतरणाऱ्याला निदान हे माहीत असावं की पायाखालचा पापुद्रा सुटणारा आहे. दोन टाक्यांवरून फोन आले. कंपनीकडून वकिलाचं पत्र आलं. चौकशी कार्यालयाने कळवलं आहे की "आपले पत्र मिळाले, प्रकरण पुन्हा विचारात घ्यायचे किंवा कसे याचा निर्णय यथावकाश होईल." या "यथावकाश"मध्ये तुझा परवाना कधी येईल, मला माहीत नाही. मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे. मला वेळ भरपूर आहे. निर्णय होईपर्यंत प्रयोगशाळेत येऊ नका, असं मला सांगितलंय. तळपायातली घरघर गेली. ती गेल्यावर मला कळलं की एवढी वर्षं ती तिथे होती.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याने घासलं नसेल असं मला एक दिवसही वाटलं नाही. तुला वाटलं?" मी नाही म्हटलं. "मग लिहिलंस कसं?" म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. भांडी घासताना नळाचा आवाज मोठा ठेवते. समोरच्या रंगाऱ्यांनाही आता ओरडत नाही.

तिने जे विचारलं, ते तू विचारलं नाहीस. तरी सांगायचं आहे. मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. खोटी म्हणजे, सोमवारी गणित आलं हे खरंच आहे. पण खोका वाढवून पुन्हा मोजावं असं मला सोमवारी सुचलं नव्हतं.

मत लिहायचा तो शुक्रवार होता. संध्याकाळी पाचपर्यंत पान द्यायचं होतं. सोबत जोडायला एक चित्र हवं, म्हणून मी फाइल उघडली. आम्ही पडद्यावर नेहमी एकच खोका बघतो, नीटनेटकं दिसतं. त्या दिवशी चित्र भरगच्च दिसावं म्हणून मी शेजारचे खोकेही दाखवा अशी कळ दाबली. आणि मला शेपटीचं टोक दिसलं, वरच्या पत्र्याला टेकलेलं. कुणीही ओळखेल असं. पहिल्या दिवशी आलेल्या नवख्यालाही दिसलं असतं. तेव्हा साडेतीन वाजले होते. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं.

मी उंच खोक्याचं गणित रांगेत लावलं. ते सोमवारी येणार होतं. फोन उचलून "मला सोमवारपर्यंत थांबायचंय" एवढंच म्हणायचं होतं. कुणी नाही म्हटलं नसतं. मी शेजारचे खोके बंद केले, एकाच खोक्याचं चित्र काढलं, ते वाक्य लिहिलं आणि सही केली. पावणेपाचला पान दिलं.

वाक्य लिहिताना तुझं तोंड समोर नव्हतं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. होतं. मला वाटलं, दादा आहे, तो सावरेल. तो नेहमी सावरतो. बाबा गेले तेव्हा सावरलंस, माझ्या लग्नाचं विस्कटलं तेव्हा सावरलंस. दोघांपैकी एकाचं नाव जाणार होतं, आणि मी तुझं निवडलं, कारण तुला ते झेपेल असं मला वाटलं. तुझ्यामागे लंबू पाठीवर पडून होता, हे मी त्या हिशेबात घेतलंच नाही. खोक्याबाहेर काय आहे, ते पाहिलं नाही.

आता मला आणखी काही लपवायचं उरलं नाही.

सोबत वही पाठवते आहे. टपालात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळली आहे. तुझ्या एकतीस पट्ट्यांना हात लावलेला नाही. शेवटच्या पट्टीखाली तुझी सही आणि लंबूची, त्याची ती ओळीबाहेर जाणारी. त्यानंतर एक पान त्याच्यासाठी कोरं सोडलं आहे.

त्यापुढच्या पानावर एक पट्टी माझी आहे. त्या मताची प्रत माझ्याकडे होती. तिच्यावरच्या माझ्या सहीवर मी चिकटपट्टी दाबली, तू दाबतोस तशी, अंगठ्याने, मधून कडेला. मग ओढली. सही कागदासकट उठून आली. ती तशीच चिकटवली आहे. उजेडाला धरलीस तर दिसेल. खाली तारीख त्या शुक्रवारची, जागा माझी खोली, वेळ साडेतीन.

पहिली सही मी केली आहे. दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. पट्टी बघून तुला काय ठरवायचं ते ठरव.

धाकटी